एक्केचाळीस रिकाम्या जागा

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही देताना ताई म्हणाली होती, "रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे अक्षर तरी मोडणार नाही." दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण आज कुणावर तरी ओरडायचंय आणि खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही.

सकाळी साडेदहाला वीज गेली. पाच सेकंदांसाठी. एक शिंक येऊन जाते तेवढ्यात परत आली. पण आमच्या कापड कारखान्याच्या रंगखात्यात वीज डोळा मिचकावून गेली तरी आमची म्हातारी आडवी होते, आणि उठायला अकरा मिनिटं घेते. म्हातारी म्हणजे आठही टाक्या चालवणारं कंट्रोल पॅनल. गरम किती करायचं, पाणी कधी सोडायचं, झाकणाचं कुलूप कधी उघडायचं, सगळं तिच्या हातात. ती उठेपर्यंत कापड रंगात नुसतं पडून राहतं आणि त्यावर ढगासारखे डाग धरतात.

आज चार नंबरच्या टाकीतलं सगळं कापड असंच गेलं. इंजिनियरसाहेब आले (आम्ही त्यांना पुस्तकराव म्हणतो, समोर नाही) आणि झापलं कुणाला? रंगारीकाकांना. काका इथे सव्वीस वर्षं आहेत. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे आहेत, आता साबणाने जायचे नाहीत. काका मान खाली घालून म्हणाले, "हो साहेब."

मी म्हणालो, "वीज काय काकांनी घालवली?"

पुस्तकराव म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

कुणीच नाही. मला कुणी कधी काही विचारत नाही, म्हणून मी न विचारताच बोलतो.

११ फेब्रुवारी

आज वीज दोनदा गेली. दुसऱ्या वेळी पॅनलसमोर उभा राहून म्हातारी अकरा मिनिटं नक्की करते काय ते बघितलं. माझं नाव इथे चुळबुळ्या पडलंय, पण आज जागचा हललो नाही.

ती हजेरी घेते. तिच्याकडे चौसष्ट जागा आहेत. प्रत्येक जागेला विचारते, तिथे कोण आहे? सेन्सर असो, व्हॉल्व्ह असो, प्रत्येकाच्या पोटात कारखान्यातूनच कोरलेला एक लांबलचक नंबर असतो. तो नंबर आला की ती पुढच्या जागेकडे जाते. असे तेवीस जण आहेत आणि ते झटकन उत्तर देतात. उरलेल्या एक्केचाळीस जागा रिकाम्या आहेत. तिथे कधी काही नव्हतंच. पण म्हातारी प्रत्येक रिकाम्या जागेसमोर पंधरा सेकंद उभी राहते, की बाबा बोलेल आता, बोलेल. कुणी बोलत नाही. मग पुढे जाते. आणि वीज गेली की घेतलेली हजेरी विसरते आणि पहिल्यापासून सुरू!

म्हणजे जे उत्तर देतात त्यांच्यासाठी एक मिनिटही नाही, आणि जे देत नाहीत त्यांच्यासाठी दहा. इतका मूर्खपणा मी माणसांतही पाहिला नाही.

पॅनलच्या आत हिरव्या पट्टीवर आठ पायांच्या चिपची एक जागा मोकळी आहे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं काढलीत मी, मला अशी जागा लांबून कळते. तिथे चिप बसवली की लिस्ट कायमची लिहून ठेवता येईल. वीज गेली तरी ती विसरणार नाही.

पुस्तकरावांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपनीने ती जागा मोकळी ठेवली, त्यामागे काही विचार असेल ना? तू कितवी शिकलास?"

"सातवी."

"पास?"

मी सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन केला. नेहमीप्रमाणे ताई. "बाबा इथेच बसलेत, ऐकतायत, तू बोल." मी म्हणालो, त्यांनाच बोलू दे की. ताई म्हणाली, "तू बोल रे."

ऐकतात पण बोलत नाहीत. आमचे बाबा सुतार. त्यांच्यासारखा ताठ माणूस मी पाहिला नाही. मी निघालो तेव्हा रंधा खाली न ठेवता म्हणाले होते, "कुठेतरी चार दिवस टिकून दाखव, मग माझ्याशी बोल." पहिले काही महिने 'हं', 'बरं' तरी करायचे. गेल्या सात-आठ महिन्यांत तेही बंद. राहा म्हणावं. मीही त्यांचाच मुलगा आहे.

त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली. एक फळी घ्यायची तर ती बोटाच्या पेराने वाजवून बघायची. ज्या वखारीतून वीस वर्षं लाकूड घेतात तिथलीही प्रत्येक फळी. टक्. कान लावायचा. परत टक्. भरीव आहे की आतून पोकळ. आणि डिंक वाळेपर्यंत बसून राहायचं, त्याला हातही लावायचा नाही. मला वेड लागायची पाळी आली होती.

ताईने मध्येच घाईने फोन ठेवला. "भरवायचं राहिलंय." शेजारच्यांचं मूल परत तिच्या गळ्यात पडलेलं दिसतंय. तिला नाही म्हणता येत नाही, हीच तिची खोड.

१७ फेब्रुवारी

झालं!!!

भंगारात एक जुनं पॅनल पडलं होतं, त्यातली चिप काढली. पाय साफ केले. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा बसवली. फिटरदादा दारात उभे राहिले, कुणी येतंय का बघत. ते म्हणत होते, "माझं नाव घेऊ नकोस, मी इथे हवा खायला उभा आहे."

चिप बसल्याबरोबर पडद्यावर आजवर फिकट दिसणारी एक ओळ ठळक झाली. लिस्ट कायमची ठेवायची का? हो. तेवीस नंबर लिहून घेतले. मग मेन स्विच बंद केला, चालू केला.

चाळीस सेकंद.

फिटरदादांनी मला उचललंच. पण मी विचार करत होतो, चाळीस तरी का? नीट बघितलं तर खाली अजून एक ओळ होती, पडताळणी. म्हणजे सुरू होताना ती प्रत्येक जागेवर जाऊन बघणार, लिस्टमधला नंबर अजून तिथेच आहे ना. आता लिस्ट कायमची झाली, तर परत परत काय बघायचं? बाबांची फळी झाली ती. बंद केली. परत स्विच.

वीस सेकंद. वीस म्हणजे वीस!

१८ फेब्रुवारी

वीज तीनदा गेली. एकही तागा खराब नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शर्टावर निळा पंजा उमटला, धुणार नाही.

२० फेब्रुवारी

मालकीणबाई रंगखात्यात आल्या. घड्याळ हातात धरून स्वतः स्विच बंद-चालू करून बघितला. "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं, पण पुस्तकराव माझ्याआधी उघडून बसले होते. "बरेच दिवस माझ्या डोक्यात होतं, बाई. या मुलाकडून करवून घेतलं."

दुपारी भिंतीवर पाटी लागली. 'अकरा मिनिटांवरून वीस सेकंद', खाली त्यांचं नाव. फिटरदादा म्हणाले, "करवून घेतलं म्हणे. उद्या सूर्यही यांनीच उगवून घेतला म्हणतील."

मी पाटीखाली उभा राहून मोठ्याने म्हणालो, "अक्षर छान आहे हं. काम कुणाचं ते लिहायचं राहिलंय." सगळे हसले. पुस्तकरावांनी ऐकलं. ऐकायलाच म्हणालो होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईला म्हणालो, फोन बाबांच्या कानाला लाव. लावला. मी एका दमात सगळं सांगितलं. अकरा मिनिटं, एक्केचाळीस जागा, वीस सेकंद. "बाबा, सातवी नापासाने केलंय हे. टिकलो की नाही?"

काही नाही. नुसता श्वास, आणि लांबून काहीतरी खरखरल्यासारखा आवाज. मी म्हणालो, "ठीक आहे, नका बोलू. मला काय गरज नाही."

ताईने फोन घेतला. तिचा आवाज बसलेला होता, सर्दी झाली असणार. म्हणाली, "दोन दिवस येऊन जा ना." मी म्हणालो, कशाला, त्यांचं गप्प राहणं जवळून ऐकायला? ती म्हणाली पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवलाय. आता पलंग हलवला हे सांगायला कुणी घरी बोलावतं का!

मागे कुणीतरी धडपडलं. ताई ओरडली, "थांबा, थांबा, मी आले," आणि फोन बंद.

२६ फेब्रुवारी

काकांची एक गंमत आहे. पॅनल काहीही दाखवो, झाकण उघडण्याआधी ते बोटं पाण्यात बुडवून झाकणावर झटकतात आणि कान देतात. थेंब चुर्र करतो की नुसता पसरतो. चुर्र म्हणजे थांबायचं.

मी म्हणालो, "काका, पडद्यावर आकडा दिसतोय, झाकणाला कुलूप आहे, ते ऐंशी डिग्रीच्या खाली गेल्याशिवाय उघडतच नाही. मग ही पाण्याची पूजा कशाला?"

"सवय रे."

"सवय म्हणजे वेळ घालवणं. आता सगळं पक्कं झालंय. तेवीसच्या तेवीस नंबर दगडावर कोरल्यासारखे आहेत."

काका हसले. "तू म्हणतोस तर पक्कं." आणि त्यांनी पाण्याचं भांडं खरंच उचलून बाजूला ठेवलं. मला फार बरं वाटलं. या जागेत माझ्या शब्दावर एखादी गोष्ट हलली.

१ मार्च, रविवार

फोन केला नाही. एक रविवार त्यांनाही कळू दे.

३ मार्च, मंगळवार

काका भाजले.

उजवा हात, कोपराच्या वरपर्यंत, आणि मान. तीन नंबरची टाकी.

लिहवत नाही.

४ मार्च

दवाखान्यातून आलो. जीव वाचलाय. हाताचं अजून सांगत नाहीत.

आता लिहितो. डोक्यात ठेवलं तर डोकं फुटेल.

काल तीन नंबरमध्ये गडद निळा रंग चालू होता. कापड शिजून झालं होतं. आता टाकी गार करायची आणि झाकण उघडून नमुना काढायचा. तेवढ्यात तीनचा तापमानाचा सेन्सर वेडेवाकडे आकडे दाखवायला लागला. फिटरदादांनी मेन स्विच बंद केला आणि इथे वीस वर्षं करतात तेच केलं. सात नंबरची टाकी पंप दुरुस्तीसाठी बंद आहे, तिचा चांगला सेन्सर काढून तीनला लावला आणि तीनचा बिघडलेला सातला. सेन्सर एका नळीत बसतो, टाकी उकळत असली तरी ओढून काढता येतो. आमच्याकडे काही फेकत नाहीत, अदलाबदल करतात. खडूने फुली मारतात, झालं.

आजवर त्यात काही धोका नव्हता. का? कारण म्हातारी दर वेळी पहिल्यापासून हजेरी घ्यायची. कोण कुठे बसलंय ते नव्याने बघायची. अकरा मिनिटं घ्यायची, पण बघायची.

मी ते बंद केलं. आता ती जागेकडे जात नाही, नंबराला हाक मारते. तिने तीनच्या जुन्या नंबराला हाक मारली. तो सातमध्ये गार पाण्यात बसला होता. आणि त्या मेल्याने नेमकं तेव्हाच नीट उत्तर दिलं. एकतीस.

पडद्यावर तीन नंबर, एकतीस. कुलूप खट् करून उघडलं.

काका म्हणाले, "इतक्यात गार झाली?" आणि पाण्याचं भांडं शोधायला लागले. त्यांना भांडं सापडेना, कारण ते मी हलवायला लावलं होतं. म्हणून नळाखाली बोटं ओली केली.

मी त्यांचा हात धरला. हसत होतो मी. म्हणालो, "काका, वीस सेकंदांचा जमाना आहे. उघडा."

ती पडताळणीची ओळ मी बंद केली हे कुणालाच माहीत नाही. फिटरदादांनाही नाही, तेव्हा ते दाराकडे तोंड करून होते. फक्त या वहीला माहीत आहे.

५ मार्च

पुस्तकरावांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. दीड वर्षात पहिल्यांदा.

"झालं ते वाईट झालं. पण पॅनलमध्ये दोष नाही, मी तपासलंय. म्हातारा माणूस, घाई झाली, खात्री न करता झाकण उघडलं. असं होतं." मग टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "तू तिथे होतास. साक्षीदार म्हणून सही कर. आणि हो, मला पॅनलसाठी एक मदतनीस लागणार आहे. तुझ्यासारखा हुशार मुलगा टाक्यांवर राबतोय हे बरं नाही."

मी कागद हातात घेतला. बारीक अक्षरं. मी म्हणालो, "मोठ्याने वाचून दाखवा."

"अरे, मी सांगितलं ना काय आहे ते."

"मग वाचायला काय हरकत आहे?"

त्यांनी वाचलं. 'कामगाराने नेहमीची खबरदारी न घेता.' नेहमीची खबरदारी! ते वाचत होते आणि माझ्या हाताला ओल्या बोटांचा स्पर्श होत होता.

"याच्यानंतर काकांचं काय?"

"नियमाप्रमाणे. आता त्यांचं वयही झालंय."

म्हणजे सव्वीस वर्षांनी घरी, भाजल्या हाताने, आणि वर चूक त्यांचीच. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." तिथेच कागद फाडायला हवा होता. फाडला नाही. ती खुर्ची मऊ होती. खोटं का लिहू? मऊ होती.

६ मार्च

काकांना भेटलो. निळा हात पांढऱ्या पट्टीत. दुसरा हात पांघरुणावर निळाच. काकू बाहेर औषध आणायला गेल्या होत्या.

मी म्हणालो, "काका, माझ्यामुळे झालं."

"गप रे. मीच ऐकलं तुझं. माझे कान कुठे गेले होते?"

"नाही, तुम्हाला माहीत नाही." आणि मी त्यांना ती ओळ सांगितली. चाळीसची वीस कशी केली ते सांगितलं.

काका छताकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "कागदावर काय लिहिलंय म्हणे माझ्याबद्दल?"

सांगितलं. त्यावर मात्र ते उठून बसायला लागले, मी धरलं. "खबरदारी घेतली नाही? मी? अरे, माझी बोटं ओली होती तेव्हा!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. हात भाजला त्याचं नाही, याचं.

निघताना म्हणाले, "बापाला फोन केलास का या रविवारी?"

"नाही. ते बोलत कुठे आहेत? दर रविवारी फोनपाशी बसतात आणि गप्प."

"दर रविवारी फोनपाशी बसतो?" काका म्हणाले. "रागावलेला माणूस फोनपाशी बसत नाही रे, चुळबुळ्या. उठून जातो."

म्हणे. त्यांना आमचे बाबा माहीत नाहीत.

७ मार्च, शनिवार

सकाळी पाळी बदलताना सगळे रंगखात्यात असतात. मालकीणबाईही आल्या होत्या, अपघातानंतर रोज येतात. पुस्तकराव तो कागद घेऊन माझ्याकडे आले. चांगलं पेनही आणलं होतं.

मी पेन घेतलं, कागद तीन नंबरच्या झाकणावर ठेवला आणि 'कामगाराने' या शब्दावर आडवी रेघ मारली. माझ्या अक्षरात वर लिहिलं, 'मी.'

"हे काय?"

"दुरुस्ती," मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "चिप मी बसवली. पाटीवर दुसऱ्याचं नाव आहे ते असू दे. पडताळणी नावाची ओळ आहे, ती मी बंद केली, वीस सेकंद वाचवायला. काका बोटं ओली करून उभे होते, त्यांचा हात मी धरला. उघडा असं मी म्हणालो. काकांनी खबरदारी घेतली होती. मी ती घेऊ दिली नाही."



फिटरदादा पुढे आले. "सेन्सर मी बदलले, बाई. आणि चिप बसवताना दारात मी उभा होतो. हवा खायला नव्हतो."

पुस्तकराव म्हणाले, "बघा, म्हणजे माझ्या परवानगीशिवाय..."

मालकीणबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. नुसतं बघितलं. ते वाक्य तिथेच संपलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "चिप काढून टाक. होती तशी अकरा मिनिटं होऊ दे."

मी म्हणालो, "नाही."

"नाही?"

"चिप राहील. चिपची चूक नाही, माझी आहे. त्या एक्केचाळीस रिकाम्या जागांपुढे थांबायची गरज नाही, हे मी आजही म्हणतो. पण जिथे कुणी आहे तिथे विचारलंच पाहिजे. मला अर्धा तास द्या. मग हवं तर हाकला."

"तू मला अटी घालतोस?"

"हो बाई."

त्यांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाल्या, "फिटर, याच्या शेजारी उभे राहा. दाराकडे तोंड करून नाही."

मी पडताळणी चालू केली. चाळीस सेकंद. मग बाईंसमोर मुद्दाम एक आणि दोनचे सेन्सर अदलाबदल केले, टाक्या रिकाम्या होत्या. स्विच चालू. चाळीस सेकंदांनी लाल दिवा. दोन्ही झाकणांची कुलपं बंदच. बाईंनी स्वतः झाकण ओढून बघितलं, दोन्ही हातांनी. नाही उघडलं. त्यांनी परत एकदा करायला लावलं. परत लाल.

तो कागद त्यांनी माझ्या रेघेसकट घडी घालून स्वतःकडे ठेवला. "रंगारीकाकांचं नाव यातून गेलं. हात बरा होईपर्यंत त्यांची जागा त्यांचीच." पाटी काढायला लावली. चिप राहिली.

मी राहिलो नाही. रंगखात्यात पाय ठेवायचा नाही, सोमवारपासून बाहेर गाड्यांवर तागे चढवायचे. किती दिवस ते सांगितलं नाही. मी म्हणालो, "चालेल. पण काका आल्यावर त्यांचं पाण्याचं भांडं जागेवर पाहिजे."

भांडं मीच शोधून तीन नंबरपाशी ठेवलं आणि बाहेर पडलो.

८ मार्च, रविवार

फोन लावला. पहिल्या रिंगलाच ताई.

"मागच्या रविवारी का नाही केलास? बाबा संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत."

मी म्हणालो, "ताई, एक विचारतो, सरळ सांग. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, की त्यांना बोलता येत नाही?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"ताई."

"आठ महिने झाले," ती म्हणाली. "सकाळी रंधा मारताना खाली बसले ते... उजवी बाजू गेली. जीभ गेली. आता भिंतीला धरून थोडं चालतात."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "आठ महिने! आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"त्यांनीच हाताने नको नको केलं. तू काम सोडून येशील म्हणून." मग तिचा आवाज एकदम चढला. ताईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "आणि तू विचारलंस का रे कधी? एकदा तरी? दर रविवारी आपलंच सांगायचं आणि ठेवायचं. घरी कोण कसं आहे हे तुला आधीच माहीत!"



"त्यांच्या कानाला लाव," मी म्हणालो.

"राहू दे आज. त्यांना वेळ लागतो, तू चिडतोस."

"लागू दे. मी ठेवणार नाही."

तिने लावला.

"बाबा, मी आहे. तुम्ही आहात ना?"

श्वास. मी मनात मोजायला लागलो, सवयीने. पंधरा झाले. काही नाही. मी परत एकपासून सुरू केलं. खाली टायरच्या दुकानात कुणीतरी हातोडी मारत होतं, खिडकी लावून घेतली. परत पंधरा. ताई लांबून म्हणाली, "अरे, अजून आहेस का?" मी म्हणालो, "आहे. मध्ये बोलू नकोस."

मग खुर्चीच्या लाकडावर, फोनच्या अगदी जवळ, बोटाचं पेर वाजलं.

टक्.

एकदाच. डावा हात असणार, आवाज कच्चा आला.

मी म्हणालो, "बाबा, असं पोकळ नाही चालणार. परत वाजवा."

आणि त्यांनी वाजवलं. या वेळी जोरात. चिडूनच.